जहाजावरचा डॉलरमधला पगार, मागे निघालेलं दिवाळं आणि भांडुपचा फ्लॅट: गृहकर्ज मिळेल का?

गॅलीवाला
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं इथे नुसता वाचक आहे, पाककृतींच्या धाग्यावर कधीमधी प्रतिसाद देतो तेवढाच. आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतोय, तोही लाजत लाजत.

मी मर्चंट नेव्हीत चीफ कुक आहे, वय ४४. २०१४ पर्यंत जहाजावरच होतो. मग मुलगी झाली आणि बायको म्हणाली, आता पुरे. अंधेरी एमआयडीसीतल्या दोन ऑफिसांची कँटीन चालवायला घेतली. सहा वर्षं झकास चाललं. मार्च २०२० मध्ये ऑफिसं बंद झाली आणि पुढे दीड वर्ष तिथे माणूस फिरकला नाही. फ्रीझरमधला माल वॉचमन लोकांना वाटून टाकला. बारा पोरांचे दोन महिन्यांचे पगार मी क्रेडिट कार्डावर पैसे काढून दिले. आता कळतंय की तो मूर्खपणा होता, पण तेव्हा पोरं समोर उभी होती.

धंद्याचं कर्ज १४ लाख बाकी होतं, दोन कार्डांवर मिळून ४ लाखांच्या वर. डिसेंबर २०२१ मध्ये बँकेशी बोलून ६ लाख एकरकमी भरले आणि धंद्याचं कर्ज मिटवलं. कार्डांचंही तसंच. बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या. दिवाळं निघालं म्हणा.

२०२२ ला जुनी सीडीसी (जहाजावरच्या नोकरीची नोंदवही) बाहेर काढली, कोर्स केले आणि परत जहाज धरलं. नऊ महिने कॉन्ट्रॅक्ट, तीन महिने घरी, पगार महिना १,७०० डॉलर. तीन कॉन्ट्रॅक्टं पुरी झाली. लालबागची खोली आम्ही भावांनी विकली, माझ्या वाट्याला ४० लाख आले, सगळे चेकने. भांडुप पश्चिमेला एक बीएचके बघितलाय, ३९० कार्पेट. मालक ७८ लाखांवर अडून बसलाय. ४५ लाखांचं कर्ज हवं.

एका अॅपवर अर्ज टाकला तर एका रात्रीत सात ठिकाणांहून नकार. फॉर्मात एक प्रश्न होता, 'आपण कधी दिवाळखोर घोषित झाला आहात का?' म्हटलं खोटं कशाला बोला, 'हो' वर टिक केली. सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासाचे गुण) ६४१ आहे. १८ तारखेला साइन ऑन, म्हणजे जहाजावर रुजू व्हायचंय. त्याआधी काही होण्यासारखं आहे का?

पिंगळा
७८ लाखांत ३९० फूट! बाकीच्यांचं दिवाळं घर घेतल्यावर निघतं, तुम्ही आधीच उरकून घेतलंत.

निवृत्त_ठाणेकर
पिंगळा, माणूस अडचणीत आहे, जरा दमानं.

गॅलीवाला, मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ गृहकर्ज विभागात. आधी मला सांगा, ती टिक करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? तुम्ही दिवाळखोर नाहीच आहात. तुम्ही तडजोड केलीत, ज्याला आम्ही ओटीएस (वन टाइम सेटलमेंट) म्हणायचो. घरात आपण "दिवाळं निघालं" म्हणतो ते वेगळं आणि कोर्टाने नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवणं वेगळं. तुम्ही 'हो' म्हटल्यावर कॉम्प्युटरने पुढचं काही वाचलंच नसणार.

आणि सात नकार नाहीत ते, सात एन्क्वायरी आहेत. एकाच आठवड्यात सात जणांनी रिपोर्ट उघडला की आठव्याला वाटतं, हा माणूस दारोदार फिरतोय. आता तीन महिने कुठेही अर्ज करू नका.

काळाकोट
ठाणेकर काकांना अनुमोदन. कायद्याची बाजू थोडक्यात लिहिते.

मुंबईत राहणाऱ्या व्यक्तीची दिवाळखोरी म्हणजे १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांपुरता तो आहे, बाकी देशाला १९२० चा प्रांतिक कायदा. अर्ज इथे उच्च न्यायालयात करावा लागतो, आदेश झाला की मालमत्ता ऑफिशियल असायनी या कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे जाते. २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. कँटीन तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, म्हणजे प्रोप्रायटरशिप, तर तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

तेव्हा "नादार घोषित झाला आहात का" या प्रश्नाचं तुमचं खरं उत्तर "नाही" आहे. मात्र "कधी कर्ज थकवलं किंवा सेटल केलं का" असं विचारलं तर "हो", आणि तिथे लपवाछपवी नको. प्रश्न शब्दशः वाचा. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं प्रश्न न वाचता मनाला जे टोचतंय त्याचं उत्तर लिहून मोकळी होतात.

गॅलीवाला
अरे देवा. कँटीन माझ्या एकट्याच्याच नावावर होती. म्हणजे चार वर्षं मी स्वतःला जे समजत होतो ते मी नव्हतोच!

लेस्टरकर
मी मात्र आहे. इंग्लंडमध्ये राहतो, २०१७ साली दुकान बुडालं आणि रीतसर बँकरप्सी घेतली. इथे साधारणपणे १२ महिन्यांत डिस्चार्ज मिळतो, क्रेडिट फाइलवर नोंद सहा वर्षं राहते. २०२४ मध्ये ठाण्यात आईसाठी फ्लॅट घ्यायला निघालो तेव्हा बँकेने इथला क्रेडिट रिपोर्ट मागितला. तो स्वच्छ निघाला, सहा वर्षं उलटली होती. मी मनात म्हटलं, सुटलो. तर मॅनेजरने माझं नाव नेटवर शोधलं आणि लंडन गॅझेट या तिथल्या सरकारी राजपत्रातली नोटीस माझ्याच समोर स्क्रीनवर उघडली. दुकानाच्या पत्त्यासकट.

फॉर्मात मी 'हो' लिहिलं होतं आणि डिस्चार्जचं पत्र जोडलेलं होतं, म्हणून वाचलो. मॅनेजर म्हणाला, "साहेब, हे तुम्ही लिहिलं नसतं तर फाइल आत्ता बंद केली असती." दर पाव टक्का जास्त लावला, पण दिलं.

आखाती_आप्पा
अवांतर, पण आखातातल्यांनी वाचून ठेवा. "दुबईचं देणं दुबईत राहिलं" असं समजणारे अजून भेटतात. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने अमिरातीची न्यायालयं मान्यताप्राप्त यादीत घातली, तिथला दिवाणी हुकूमनामा आता इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीला आणता येतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाला कल्याणला नोटीस आली. कर्ज गाडीचं होतं, गाडी केव्हाच विकलेली.

निवृत्त_ठाणेकर
आता पगाराकडे येऊ, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे, सिबिलमध्ये नाही. खरं खरं सांगा, एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात महिन्याला किती डॉलर येतात?

गॅलीवाला
काका, बरोब्बर पकडलंत. अलॉटमेंट, म्हणजे कंपनी पगारातून परस्पर खात्यात पाठवते ती रक्कम, १,२०० डॉलरचं लावलंय. उरलेले ५०० मी कॅश ऑन बोर्ड घेतो. सिगारेट, फोनचं कार्ड, पोर्टला उतरलो तर खर्च. त्यातले बरेचसे उरतात, ते डॉलर सुट्टीवर येताना घेऊन येतो आणि फोर्टमध्ये बदलतो.

दर्यावर्दी
चीफ मेट आहे, आमच्याकडेही निम्मा क्रू हेच करतो. कॅप्टनकडे कॅशबॉक्स असतो, महिनाअखेरीस मेसरूमबाहेर रांग लागते. हातात नोटा आल्या की बरं वाटतं, दुसरं काय. मी मागच्या वर्षी घर घेताना पूर्ण पगार अलॉटमेंटला लावला, कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात एक फॉर्म भरला, झालं काम.

निवृत्त_ठाणेकर
तर गणित बघा. डॉलर ८५ धरू.

१,७०० गुणिले ९ महिने म्हणजे १५,३०० डॉलर, रुपयांत साधारण १३ लाख. पण हे नऊ महिन्यांचं. घरी असता ते तीन महिने पगार नाही, हप्ता मात्र आहे. म्हणून बारांनी भागायचं, महिना १ लाख ८ हजार. हप्त्याला त्यातला निम्मा धरला तर ५४ हजार. आता खात्यात दिसणारे १,२०० घ्या. वर्षाचे ९ लाख १८ हजार, महिना ७६,५००, निम्मे ३८ हजार.

तुमचं वय ४४, साठीपर्यंत १६ वर्षं. ९ टक्क्यांनी लाखाला सुमारे ९८५ रुपये हप्ता बसतो. म्हणजे पहिल्या हिशोबाने ५५ लाख, दुसऱ्याने जेमतेम ३९. फरक आहे तो तुमच्या खिशातल्या नोटांचा. कॉन्ट्रॅक्टवर १,७०० लिहिलंय हे अधिकाऱ्याला दिसतं, पण कागद एक म्हणतोय आणि खातं दुसरं, तर तो खात्याचं ऐकतो. शिवाय काही बँका परकीय उत्पन्नात आणखी काट मारतात, विनिमय दर पडला तर काय म्हणून.

आयटीआर भरता का?

गॅलीवाला
नाही. एनआरआय आहे, कर लागत नाही म्हणून एजंट म्हणाला गरज नाही.

निवृत्त_ठाणेकर
कर शून्य असला तरी भरा. फाइलमध्ये तीन वर्षांचे आयटीआर, सीडीसीच्या साइन ऑन-साइन ऑफच्या शिक्क्यांच्या प्रती, तिन्ही कॉन्ट्रॅक्टं, वेज स्लिपा आणि एनआरईचं स्टेटमेंट असलं की समोरच्याला प्रश्नच उरत नाही. जहाजवाल्यांबद्दल बँकांना वावडं नसतं, दोन कॉन्ट्रॅक्टांमधलं अंतर वाढलं की मात्र ते बिचकतात. तुमची तीन लागोपाठ आहेत, ते ठळक दिसू द्या. आणि खात्यात सहा हप्त्यांएवढी रक्कम पडून असलेली दाखवा.

फिकर_नॉट
एवढं कशाला? आमच्या ग्रुपवर एक जण २५,००० घेऊन सिबिल दुरुस्त करून देतो. महिन्यात ७५० च्या वर. नंबर हवा तर व्यनि (खासगी निरोप) करा.

स्वरा_मुलुंड
कोणीही व्यनि करू नका. माझ्या भावाने असे १८,००० घालवले. त्या माणसाने काय केलं, तर जे आपण फुकटात करू शकतो तीच तक्रार भावाच्या नावाने टाकली, तीही चुकीची, आणि नंतर फोन उचलणं बंद.

मी स्वतः कार्ड सेटल केलेली आहे, म्हणून अनुभव लिहिते. चारही कंपन्या (सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. आधी चारही काढा, एकात जे आहे ते दुसऱ्यात असेलच असं नाही. मग प्रत्येक खात्यासमोर काय शब्द आहे ते बघा. 'क्लोज्ड' चांगला. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने काही सोडून दिलं. 'रिटन ऑफ', म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं, सगळ्यात वाईट.

चूक असेल तर तिथेच ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०२४ पासून. तरी दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, क्रेडिट कंपन्या २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत.

गॅलीवाला
स्वराताई, चारही काढले. रात्री एक वाजेपर्यंत बायको आणि मी बघत बसलो होतो. धंद्याचं कर्ज 'सेटल्ड'. एक कार्ड 'सेटल्ड'. दुसरं कार्ड मात्र चक्क 'रिटन ऑफ', बाकी ६२,००० दाखवतंय! तेही मी डिसेंबर २०२१ मध्येच मिटवलं होतं. पत्रही मिळालं होतं. कुठे ठेवलं ते आठवत नाही.

पिंगळा
माळ्यावर बघा. मध्यमवर्गीय मराठी माणसाचं सगळं माळ्यावर असतं.

गॅलीवाला
सापडलं! माळ्यावर नाही, कँटीनच्या जुन्या रजिस्टरमध्ये, फेब्रुवारी २०२० च्या भाजीच्या हिशोबाच्या पानात. वर तेलाचा डाग आहे पण सही-शिक्का स्वच्छ वाचता येतो. स्कॅन करून तक्रार टाकली.

काळाकोट
ते पत्र लॅमिनेट करू नका हं, मूळ प्रतीला हात लावायचा नाही. लोक प्रेमाने लॅमिनेट करून आणतात.

मध्यमवर्गी_माधव
माझा एक बाळबोध प्रश्न. नवऱ्याचं सिबिल खराब तर कर्ज बायकोच्या नावावर घ्यायचं आणि हप्ता नवऱ्याने भरायचा, इतकं सोपं नाही का?

निवृत्त_ठाणेकर
माधवराव, बायकोचं उत्पन्न पुरलं पाहिजे. पुरत नसेल तर नवरा सहकर्जदार येतो आणि तो आला की त्याचं सिबिलही आलं. घर दोघांच्या नावावर असेल तर बँक दोघांनाही कर्जात घेतेच. उलट मात्र चालतं, घराचा मालक नसलेला माणूस सहकर्जदार होऊ शकतो.

गॅलीवाला, वहिनी काही करतात का?

गॅलीवाला
एका डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, २२ हजार. खात्यात येतात, पूर्ण!

काळाकोट
मग एक सुचवते. घर फक्त वहिनींच्या नावावर घ्या. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, खरेदीदार फक्त महिला असेल तर ५. ७८ लाखांवर ७८,००० वाचतील. नोंदणी फी ३०,००० ठरलेलीच. तुम्ही सहकर्जदार राहा. आणि करारावर तुमची सहीच लागणार नाही, तुम्ही समुद्रात असलात तरी अडणार नाही.

कर्जाच्या कागदांसाठी मात्र मुखत्यारपत्र लागेल. ते १८ तारखेच्या आत, इथे असतानाच, दुय्यम निबंधकासमोर करून जा. बँकांचा स्वतःचा मसुदा असतो, तो आधी मागून घ्या. परदेशातून केलंत तर भारतीय वकिलातीत साक्षांकन, मग इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, नुसती धावपळ.

गॅलीवाला
बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "पाटल्यांच्या बदल्यात फ्लॅट, सौदा बरा आहे."

शंकासुर
ज्या बँकेत सेटलमेंट झाली तिथेच अर्ज करावा का? ओळख तरी असते.

निवृत्त_ठाणेकर
मुळीच नाही. सिबिलवरून नोंद पुसली गेली तरी बँकेच्या स्वतःच्या दप्तरात ती राहते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकात तडजोड केलेल्याला त्याच संस्थेने नवं कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचं म्हटलंय, पण किमान. त्यापुढे किती थांबायचं ते ज्याचं त्याचं धोरण.

आणि अॅप नको. शाखेत जा, सोबत एक पानी पत्र न्या. काय झालं, कधी झालं, किती थकलं, किती भरलं, नंतर काय कमावलं. रडगाणं नको, तारखा आणि आकडे. मी खुर्चीत होतो तेव्हा असं पत्र शंभरातला एखादाच आणायचा, आणि त्याची फाइल मी स्वतः वाचायचो.

एक मतभेदाचा मुद्दा आहे. सेटल केलेल्या कार्डाची सोडलेली रक्कम आता भरून 'क्लोज्ड' करून घ्यावं का? माझं मत हो, निदान छोट्या खात्याचं तरी.

स्वरा_मुलुंड
माझा अनुभव उलटा. मी भरले, शब्द बदलला, पण स्कोअर फक्त ११ गुणांनी हलला. जुने उशिराचे हप्ते त्यात दिसतच राहतात.

निवृत्त_ठाणेकर
स्कोअरसाठी नाही म्हणत मी. समोर बसलेला माणूस शब्द वाचतो, त्याच्यासाठी म्हणतोय.

गॅलीवाला
मंडळी, उद्या निघतोय. शेवटचा हालहवाल. मुखत्यारपत्र झालं, दुय्यम निबंधकांकडे तीन तास गेले, अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. आयुष्यभर गरम तव्याला हात लावणाऱ्याचे ठसे कुठून उमटणार! 'सेटल्ड' कार्डाचे राहिलेले ८४,००० भरले, ना देय प्रमाणपत्र हातात आलं. अलॉटमेंट पूर्ण १,७०० चं केलं. आयटीआर सीएकडे दिलाय. पत्र लिहिलंय, ठाणेकर काकांनी दोन वेळा कापून अर्धं केलं. पुढचं सगळं बायको बघेल.

दर्यावर्दी
सुखरूप जा. कोणत्या रूटला?

गॅलीवाला
बल्क कॅरियर, रिचर्ड्स बे. रविवारी बिर्याणी असतेच.

गॅलीवाला
नमस्कार, मी यांची पत्नी, यांच्याच लॉगिनवरून लिहितेय. सगळे विचारत होते म्हणून सांगते. जवळजवळ चार महिने झाले.

चुकीची नोंद २६ दिवसांत दुरुस्त झाली. स्कोअर ६८८ झाला. पहिल्या बँकेने पत्र न वाचताच परत केलं, काउंटरवरची मुलगी म्हणाली सेटल्ड चालत नाही. दुसरीकडे मॅनेजर बाईंनी वाचलं, मधल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बारा जणांचे पगार कार्डावरून दिलेत?" मी हो म्हटलं. मग त्यांनी सीडीसीच्या प्रती मागितल्या.

३८ लाख मंजूर झाले. पूर्ण पगार खात्यात यायला लागून तीनच महिने झालेत म्हणून त्यांनी जुनाच आकडा धरला, वर सेटलमेंटपायी थोडी काट. दर जाहिरातीतल्यापेक्षा पाऊण टक्का जास्त आहे. ठाणेकर काका म्हणाले घेऊन टाका, बदलत्या दराचं आहे, पुढेमागे दुसरीकडे नेताना दंड लागत नाही.

४५ चे ३८ झाल्यावर मी मालकांकडे गेले आणि जे आहे ते सांगितलं. ते तीन आठवडे हटून बसले, मग त्यांच्या मुलाची पुण्याला बदली झाली आणि ७४ ला तयार झाले. ७४ लाख, मुद्रांक ३ लाख ७० हजार, नोंदणी ३० हजार, बरोब्बर ७८. आमचे ४० आणि बँकेचे ३८. सोसायटीची ट्रान्स्फर फी २५ हजार वेगळी, ती माझ्या भिशीतून.

काल बँकेचा माणूस घर मोजायला आला होता, मी सोबत होते. संध्याकाळी यांचा फोन लागला, आवाज तुटत होता. मंजुरी, दर, तारीख सगळं सांगितलं, यांनी एकच विचारलं, ओट्याची लांबी किती. सहा फूट तीन इंच आहे. आज परत जाऊन मोजून आले.